शिमानेककाकांचा दिवा

जर्मनीतल्या रूरच्या कोळशाच्या पट्ट्यात ज्या गावी श्रीरंग आगाशे येऊन पडला, त्या गावात बघण्यासारखं काही नाही असं गावकरीच सांगत, आणि तेही छाती फुगवून. धुराडी, एक कालवा, कालव्यावरचा लोखंडी पूल, आणि पाळी बदलली की बोंब मारणारा खाणीचा भोंगा. आपल्या रूरकेल्याचा पोलादाचा कारखाना तेव्हा जर्मन लोक उभारत होते. तो चालवायला शिकण्यासाठी आपल्याकडचे इंजिनियर दीड-दीड वर्ष इकडे येऊन राहत. १९५९च्या वसंतात आलेल्या तुकडीत मिरजेचा श्रीरंग होता, आणि त्याला भाड्याची खोली मिळाली ती आन्टोन शिमानेक यांच्या घरात, वरच्या मजल्यावर, कबुतरखान्याला चिकटून.

शिमानेक साठीला टेकले होते. चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेले. अठराव्या वर्षी फ्रान्सच्या खंदकात गेले, परत येऊन पुन्हा खाणीत. पुढे छत कोसळून डावा पाय अधू झाला तेव्हा खाणीच्या दारासमोर टपरी टाकायचा परवाना मिळाला. बायको हेटे युद्धानंतर छातीच्या दुखण्याने गेली, मूलबाळ नव्हतं. टपरीत सिगारेटी, बिअर, वर्तमानपत्रं, पोरांसाठी काळ्या गोळ्या आणि खाणवाल्यांसाठी तपकीर. खाली काडी ओढायची बंदी, म्हणून सगळी खाण तपकिरीवर चाले. दिवसभर शिंका ऐकून शिमानेकना माणसं शिंकेवरून ओळखता येत.

श्रीरंग आणि त्याच्याच तुकडीतला दिनकर आपसात त्यांना शिमानेककाका म्हणायचे. काका बोलघेवडे. कबुतरांवर बोलत, हवामानावर बोलत, फुटबॉलवर तर न विचारता बोलत. फक्त १९२० साल निघालं की त्यांना एकदम काहीतरी आवरायचं आठवे.

आता हे १९२० काय, ते सांगायला हवं, कारण तिथलेच लोक ते धड सांगत नसत. त्या मार्चमध्ये बर्लिनला काही सेनाधिकाऱ्यांनी सरकार उलथवायचा घाट घातला. रूरच्या खाणकामगारांनी संप केला, बंदुका उचलल्या, बंडवाल्यांना पिटाळलं. बंड फसलं. पण मग कामगारांच्या हातातल्या बंदुकाच सरकारच्या डोळ्यांत खुपायला लागल्या, आणि ज्यांचे भाईबंद बंडात होते तेच सैनिक आणि विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवक पलटणी सरकारने कामगारांवर सोडल्या. जर्मनांनी जर्मनांना मारलं, एकाच भाषेत शिव्या देत. पुढे हिटलर आला, महायुद्ध आलं, आणि ही घरातली कापाकापी त्या ढिगाऱ्याखाली दबून गेली.

अगदीच दबली असं मात्र नाही. चर्चसमोर पलटणीच्या मेलेल्या पोरांचं स्मारक होतं, दगडात कोरलेल्या नावांचं. दर नोव्हेंबरात शोकदिनाला तिथे पुष्पचक्र वाहिलं जाई आणि माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर लुडगर हॉल्टकांप भाषण करत. हॉल्टकांप म्हणजे शाळेचे निवृत्त मास्तर, अर्ध्या गावाला लॅटिन शिकवलेले. एकोणिसाव्या वर्षी ते त्या पलटणीत होते. भाषणाची सुरुवात ठरलेली: "मी तिथे होतो." पोरं शाळेच्या मागे त्यांची नक्कल करत, हनुवटी वर, आवाज जाड. पण मोठी माणसं ऐकून घेत. तिथे होतेच ते, मग कोण काय बोलणार? ते सांगत की हत्यारबंद लुटारूंनी पूल अडवला होता, शूर तरुणांनी तो सोडवला. वर्षानुवर्षं ऐकून गावाला तेच पाठ झालं होतं.

हेच हॉल्टकांप दर शनिवारी काकांच्या टपरीवर यायचे. सिगारची एक पेटी घ्यायची, कबुतरांची चौकशी करायची, टोपीला हात लावून जायचं. सगळं कसं अदबीने, एकमेकांना 'हेर' म्हणजे 'श्रीयुत' म्हणत. श्रीरंगला वाटे, काय छान म्हातारे आहेत दोघं.

त्या वर्षी दिवाळीचा पाडवा आणि तिथला सर्व संतांचा दिवस एकाच तारखेला आले. त्या दिवशी कॅथलिक लोक संध्याकाळी स्मशानभूमीत जाऊन घरच्यांच्या थडग्यांवर लाल काचेतले दिवे लावतात. श्रीरंगला हे ठाऊक नव्हतं. घरची आठवण येऊन त्याला सकाळपासून खायला उठलं होतं. शेवटी तपकिरीच्या डबीचं झाकण घेतलं, औषधाच्या दुकानातल्या कापसाची मांडीवर वात वळली, सॅलडचं तेल घातलं. म्हटलं, हेटेकाकूंच्या थडग्यावर आपलीही एक पणती. काकांनी ते पाहून भुवई उंचावली, पण नाही म्हणाले नाहीत.

फाटकातून आत शिरताच श्रीरंग जागीच थांबला. सगळी स्मशानभूमी दिव्यांनी फुलली होती. इतक्या लांब, परक्या मुलखात, पाडव्याच्या संध्याकाळी! त्याला भरून आलं. हेटेकाकूंच्या थडग्यावर काकांनी लाल दिवा ठेवला. तिथे उजेड होता, बायका फुलं नीट करत होत्या, काका कुणाशीतरी कबुतरांवर घसरले होते. आणि मग श्रीरंगला कुंपणालगत एक लांबट उंचवटा दिसला. गवत माजलेलं, मध्ये एक लहान पाटी खोचलेली, आणि दिवा एकही नाही.

आता मिरजेच्या माणसाला हे कसं चालावं? दिवाळीत आपण तुळशीपुढे पणती ठेवतो, विहिरीवर ठेवतो, उकिरड्यावरसुद्धा ठेवतो. एक कोपरा तेवढा काळोखात सोडायचा म्हणजे काय! त्याने आपली पणती त्या पाटीपाशी ठेवली, हाताचा आडोसा करून पेटवली आणि सवयीने हात जोडले.

वळून बघतो तो काका मागे उभे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आसपासची माणसं वळून बघत होती, एक बाई पोराला हाताला धरून लांब नेत होती. काकांनी टोपी काढली. ती परत घालत म्हणाले, "चल, घरी जाऊ."

वाटेत ते कबुतरांवरसुद्धा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिनकरने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, काय केलंस हे? तिथे रेड लोक पुरलेत, बंदुका उचललेले कामगार. विसाच्या सालचे. आमच्या हॉस्टेलचा हाउसमाइस्टर, म्हणजे रखवालदार, सांगत होता, गावभर चर्चा आहे. ती पाटी म्हणजे नाव नाहीये बाबा, नोटीस आहे! इथे ग्रेव्हला मुदत असते. चाळीस वर्षं झाली की जागा खाली. मार्चनंतर सपाट करून तिथे रस्ता काढणारेत."

"आपल्या माणसाचं थडगंसुद्धा काढून टाकतात?"

"गेनाऊ, अगदी तसंच. युद्धात मेलेल्यांचं ठेवतात कायमचं. पण हे युद्ध होतंच कुठे, असं म्हणतात सगळे. दंगल होती म्हणे. तू यात पडू नकोस हं, उगाच ट्रेनिंगवर यायचं."

श्रीरंगला धास्ती वाटली. आपल्यापायी काकांच्या परवान्यावर तर गदा यायची नाही? शनिवारी तो टपरीवर काकांना मदत करत असतानाच हॉल्टकांप आले. त्यांनी सिगार मागितली नाही. खिशातून तपकिरीच्या डबीचं झाकण काढून फळीवर ठेवलं, आतल्या काजळीसकट.

"हे तुमच्याकडचं, हेर शिमानेक?"

"हो. गावात तपकीर मीच विकतो."

"तिथे कोणी ठेवलं?"

श्रीरंगने तोंड उघडलं. फळीखाली काकांचा हात त्याच्या मनगटावर घट्ट पडला.

"मी ठेवलं," काका म्हणाले.

हॉल्टकांप त्यांच्याकडे बघत राहिले. "इतक्या वर्षांनी?"

"उशीर झाला खरा."

मास्तर टोपीला हात न लावताच निघून गेले. काकांनी काढून ठेवलेली सिगारची पेटी फळीवरच राहिली.

"तुम्ही खोटं का बोललात?" श्रीरंग रडकुंडीला आला होता. "मी जाऊन सांगतो. मला माहीत नव्हतं, परका माणूस आहे, समजून घेतील ते."

"अजिबात नाही." काका एकदम कडाडले, आणि मग स्टुलावर बसून अधू पाय लांब करत म्हणाले, "हे बघ पोरा. त्या ढिगाऱ्यात माझा भाऊ आहे. पाउल. सतरा वर्षांचा. मी बंदूक घेऊन कालव्याच्या पलीकडच्या काठावर होतो. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आईने त्याला माझ्यासाठी डबा देऊन पाठवलं, खाणीत नेतो तसला कडीचा डबा. पूल पलटणीच्या हातात गेलेला घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तो परत आला नाही. मी लपून राहिलो, पुष्कळ दिवसांनी आलो तेव्हा सगळ्यांना एकत्र पुरून झालं होतं. आईने मला एवढंच विचारलं, त्याने वाटेत बंदूक तर घेतली नव्हती ना? कारण सगळे म्हणत होते, मेले ते हत्यारबंद होते. मला काय माहीत? तो माझ्यासारखं व्हायला बघायचा. घेतलीही असेल. आई तोच प्रश्न घेऊन गेली."

त्यांनी ते काजळलेलं झाकण हातात घेतलं.

"आधी भीती होती. हिटलर आला त्या तेहतीस सालानंतर तर जिवाचीच होती. आता परवान्याची. दरवर्षी त्या कुंपणापर्यंत जातो आणि हेटेकडे वळतो. तू एका झाकणात तेल घातलंस आणि मोकळा झालास! तो दिवा आता माझा आहे. मला तो देऊन टाक."

श्रीरंगने मान डोलावली.

शोकदिनाला गाव चर्चसमोर जमलं. थंडी मरणाची. बँड वाजला, पुष्पचक्र वाहिलं. हॉल्टकांप पुढे आले, हनुवटी वर, आवाज जाड. "मी तिथे होतो," त्यांनी सुरुवात केली, आणि पूल, लुटारू, शूर तरुण असं सगळं नेहमीप्रमाणे झालं. टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून लोक खोकले. तेवढ्यात काका लंगडत पुढे गेले. श्रीरंग मागोमाग निघाला होता, पण दिनकरने त्याची बाही पकडून ठेवली होती.

"हेर डॉक्टर," काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "तुम्ही तिथे होतात. मी नव्हतो, मी पलीकडे होतो. म्हणून तुम्हालाच विचारतो. माझा भाऊ पाउल शिमानेक. लाल केसांचा पोरगा. त्याच्या हातात काय होतं?"

हॉल्टकांप भाषणाच्या कागदाची घडी घालायला गेले आणि ती त्यांना जमेना. कोणीतरी मागून ओरडलं, "म्हाताऱ्याला बाजूला घ्या!" बँडने घाईघाईने सुरुवात केली. काका टोपी घालून टपरीकडे चालू लागले.

त्यानंतर काही दिवस टपरीचं गिऱ्हाईक कमी झालं. मग तपकिरीवाचून खाण अडली आणि लोक परत आले. त्यांतला एक म्हातारा खाणवाला पैसे देताना हळूच म्हणाला, "माझा मेहुणाही आहे तिथे." पुढच्या आठवड्यात एक बाई म्हणाली, माझे वडील. इतकी वर्षं ही माणसं एकाच टपरीवर रोज भेटत होती, आणि एकमेकांचा मेहुणा किंवा बाप त्या ढिगाऱ्यात आहे हे बोलली नव्हती. हॉल्टकांप मात्र यायचे बंद झाले. काका दर शनिवारी त्यांच्या सिगारची पेटी फळीवर काढून ठेवत आणि संध्याकाळी परत आत ठेवत. दुसऱ्या कुणाला ती विकत नसत. श्रीरंगला याचा राग येई.

"त्या माणसासाठी कशाला?"

"अरे, पाउलला शेवटचं बघितलेला एकच माणूस जिवंत आहे," काका म्हणाले. "त्याची सिगार मी विकून टाकू?"

फेब्रुवारीत नगरपालिकेपुढे स्मशानभूमीच्या रस्त्याचा विषय निघाला. काका रविवारचा कोट घालून गेले, सोबत श्रीरंग. काकांना बोलता आलं नाही, हे कबूल केलंच पाहिजे. तीनदा सुरुवात केली, तीनदा आई, डबा आणि कबुतरं यांचा गुंता झाला. एक सभासद जांभई दाबत म्हणाला की कुटुंबाच्या भावना समजतात, पण दंगलीत मेलेल्यांना युद्धातल्या मृतांसारखं कायमचं कसं ठेवणार, नियम आहेत. पाउलसाठी बोलायचं ते आता बोललं गेलं नाही तर महिन्याभरात फावडी लागणार होती. काकांनी रुमालाने मान पुसली आणि खाली बसले.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हॉल्टकांप उभे होते. हिवाळ्यात चांगलेच वाळले होते.

"ती दंगल नव्हती," ते म्हणाले. "आम्हाला गणवेश दिले होते, तोफा दिल्या होत्या. दंगलीवर तोफा नेत नाहीत. ते युद्ध होतं आणि आपसातलं होतं. त्या जागेला हात लावू नका, अशी मंडळाच्या अध्यक्षाची विनंती आहे."

एवढंच. हातात काय होतं, ते सांगितलं नाही. काकांकडे न बघता बाहेर पडले. पण मास्तरांच्या शब्दापुढे सभासद, म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थीच, वर्गात बसावेत तसे बसले होते. रस्ता दुसरीकडून काढायचं ठरलं.

पुढच्या शनिवारी हॉल्टकांप टपरीवर आले. पेटी फळीवर होतीच. तिच्यावर बोटं ठेवून ते जरा उभे राहिले, मग म्हणाले, "कबुतरं कशी आहेत?"

"एक मादी आजारी आहे," काका म्हणाले.

श्रीरंगला हसावं की रडावं कळेना. बाहेर पाऊस-बर्फ असं काहीतरी घाणेरडं पडत होतं.

१९६०चा ऑक्टोबर आला तशी काकांची एक वेगळीच धांदल सुरू झाली. तपकिरीच्या डब्यांची झाकणं ते महिनाभर जमवत होते. संध्याकाळी श्रीरंगपुढे बसून ते मांडीवर वाती वळायला शिकले. जाड झाली तर धूर करते, सैल झाली तर तेलात बुडते, हे श्रीरंगने आपल्या आईच्या थाटात त्यांना ऐकवलं आणि काकांनी मुकाट ऐकून घेतलं. मेहुणेवाला खाणकामगार आला आणि दोन झाकणं घेऊन गेला. वडीलवाली बाई आली. काचेचे लाल दिवे टपरीत होते, तरी ढिगाऱ्यासाठी सगळ्यांना झाकणातलाच दिवा हवा होता. गेल्या वर्षी शिमानेकनी तोच लावला होता ना! श्रीरंग हे ऐकून गालातल्या गालात हसे. त्याने तो दिवा देऊन टाकला होता, आणि दिलेली वस्तू परत मागायची नसते. आठवड्याभरात त्याची परतीची बोट होती.

सर्व संतांच्या दिवशी संध्याकाळी तो काकांबरोबर गेला. हेटेकाकूंकडे आधी, मग कुंपणाकडे. उंचवट्यावरचं गवत कुणीतरी कापलं होतं, पाटी उपटून टाकली होती. झाकणातल्या वाती ओळीने जळत होत्या. काकांनी आपली ठेवली. माणसं जमली होती, गेल्या वर्षी पोराला लांब नेणारी बाईसुद्धा पोराला घेऊन जवळ उभी होती.

हॉल्टकांप सावकाश चालत आले. हातात झाकण होतं. वात त्यांनीच वळली असणार, कारण ती तेलात पार बुडाली होती. काडी लावली, विझली. दुसरी लावली, विझली. काकांनी वाकून ते झाकण घेतलं, नखाने वात वर ओढली, आपल्या दिव्यावर पेटवली आणि परत त्यांच्या हातात दिली.

त्या बाईचा पोरगा मोठ्याने म्हणाला, "आई, इथे कोण आहे?"

बाईला काय सांगावं कळेना. तिने काकांकडे बघितलं. काकांनी मास्तरांकडे.

"मी तिथे होतो," हॉल्टकांप म्हणाले. हनुवटी वर नव्हती आणि आवाज अगदी बारीक होता. पोरगा खुदकन हसला, त्याला वाटलं मास्तर स्वतःचीच नक्कल करताहेत. "पुलावर सकाळी एक पोरगा चालत आला. लाल केसांचा. आम्ही थांब म्हणालो, तो थांबला. हात वर कर म्हणालो, त्याने एकच हात वर केला. दुसऱ्यात डबा होता. तो खाली ठेवला असता तर कलंडला असता, म्हणून त्याने ठेवला नाही. बंदूक नव्हती, हेर शिमानेक. डबा होता. आम्ही गोळ्या घातल्या, मी आणि आणखी दोघांनी. वाटाण्याचं सूप होतं. ते पुलावरून कालव्यात ओघळत होतं. गेली चाळीस वर्षं मी वाटाण्याचं सूप खात नाही आणि का ते बायकोलाही सांगितलेलं नाही."

श्रीरंगने काकांच्या कोपराला धरलं, ते पडतील अशी त्याला भीती वाटली. पण काका नीट उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"वाटाण्याचंच," ते म्हणाले. "उपासाचा शनिवार, म्हणून मांस घातलं नव्हतं. आई दर शनिवारी तेच करायची." मग त्यांनी उंचवट्याकडे बघितलं आणि घरात हाक मारावी तसं म्हणाले, "आई, ऐकलंस का? डबाच होता."